जनावरांच्या पुलाचा पंच

बकारामजी गोंडाणे सही करायला सहा मिनिटं घेत. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. देवरीच्या आमच्या ऑफिसात हजेरीपटावर सह्या घ्यायचा दिवस आला की कारकून त्यांना मुद्दाम शेवटी बोलवायचा, कारण ते मध्ये आले तर मागची रांग चहा पिऊन परत यायची. आधी खिशातून चष्मा निघे. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी सुतळी होती आणि ती कानामागून फिरवून घ्यावी लागे. मग हजेरीपटाच्या अगदी वरच्या ओळीपासून, म्हणजे खात्याच्या नावापासून, बोट ठेवून वाचन सुरू व्हायचं. ओठ हलायचे. स्वतःच्या नावापर्यंत पोचले की महिन्याचे सगळे रकाने एकेक करून तपासायचे आणि मगच पेन मागायचे. सही करताना सगळी अक्षरं आधी सुटी मांडायची आणि शेवटी त्यांच्या डोक्यावरून एकच लांब रेघ ओढायची, अशी त्यांची पद्धत होती.

"बकारामजी, तुमची जमीन लिहून घेऊन राहिलो का मी?" कारकून वैतागून म्हणायचा.

"घेनारा सांगून घेत नसते," असं म्हणून ते पुन्हा बोट ठेवायचे.

एकदा त्यांनी असं वाचता वाचता एक गडबड पकडली. मुलीच्या लग्नासाठी ते एक दिवस सालेकशाला गेले होते आणि त्या दिवशी पटावर ते हजर दिसत होते.

"मी या दिवशी नव्हतो."

"राहू द्या ना. तुमचाच फायदा आहे," कारकून म्हणाला.

"फायदा आहे, पर मी नव्हतो."

शेवटी कारकुनाला तो रकाना खोडावा लागला, खोडल्याची सही करावी लागली आणि बकारामजींचा एक दिवस कापला गेला. ऑफिसभर हसू पसरलं. मीही हसलो. असा वेडा माणूस सरकारी नोकरीत टिकला कसा, असा विनोदही मी केला होता आणि तो चांगलाच खपला होता.

यामागची गोष्ट त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितली. त्यांच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं. गावच्या मालकाने एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि बोडीत मासे धरायचा घराचा जुना हक्क त्या अंगठ्याखाली गेला. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, शेताला पाणी देणारं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा बकारामजी कडेवर होते. पाच वर्षांचे झाले तसं वडिलांनी त्यांना हाताला धरून शाळेत नेलं. चौथीपर्यंत शिकले. "बाबा म्हनत, पोट भरो का न भरो, वाचल्याबिगर सही नाई कराची," ते म्हणाले. मी मान हलवली. ऐकताना माणसाला आपण फार समजूतदार आहोत असं वाटत असतं.

बकारामजी मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या एका ठरावीक तुकड्याचा राखणदार. त्यांच्याकडे बारा ते वीस किलोमीटरचा तुकडा होता, जवळजवळ सगळा जंगलातून जाणारा. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्यांतला गाळ उपसायचा, झाडांना गेरू-चुना लावायचा. याशिवाय एक काम होतं, जे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. मी नव्व्याण्णव साली शाखा अभियंता म्हणून नागपूरहून देवरीला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ते दिसलं. सकाळी सतराच्या दगडाजवळ ते एका मेलेल्या भेकराला दोन्ही हातांवर घेऊन रस्ता उतरत होते, झोपलेलं मूल उचलावं तसं. मी मोटरसायकल थांबवली.

"कुठे नेता?"

"मातीत."

"फॉरेस्टवाल्यांना कळवलं का?"

"कळवलो. ते दुपारी येतीन. तवरक कावळे डोळे काढून राहतीन." मग माझ्या मोटरसायकलकडे बघून म्हणाले, "नवे साहेब का तुमी? अठून हरू चालवत जा."

साहेबाला पहिल्याच भेटीत गाडी कशी चालवायची ते सांगणारा माणूस. मला राग आला होता, पण तिथून पुढे मी हळू चालवू लागलो हेही खरं.

त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईंचं, या दफनविधीबद्दल वेगळं मत होतं. बेलटोला या त्यांच्या छोट्या वस्तीत घरी चहा प्यायला बसलो की त्या माझ्याकडेच तक्रार करायच्या. "साहेब, एवढा मोठा डुक्कर ट्रकखाली आला. सारा टोला कढई घेऊन बसला होता. अन् हा मानूस त्याले पुरून आला!" बकारामजी बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "तो मरून राहिला होता तवा मले पाहत होता. मी नाई खाऊ शकत." "तू नको खाऊ! टोल्यानं काय पाप केलं?" बकारामजी बशी पुन्हा तोंडाला लावायचे.

त्या सतराच्या दगडावर त्यांचा जीव का अडकला होता ते मला एका संध्याकाळी कळलं. मी कामावरून परतत होतो आणि ते मोरीच्या कठड्यावर बसले होते. मला हाताने खूण करून थांबवलं, मोटरसायकल बंद करायला लावली आणि शेजारी बसवलं. एका अंगाला डोंगराचं जंगल, दुसऱ्या अंगाला उतारावर बोडी, मध्ये आमचा डांबरी रस्ता. पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मला तंबाखूची तल्लफ आली तर त्यांनी माझा हात धरून डबी खिशात ठेवायला लावली. मग समोरच्या झुडपातून एक चितळाची मादी आली आणि रस्त्याच्या कडेच्या मुरमावर उभी राहिली. डांबरावर पाय ठेवेना. लांबून ट्रकचा आवाज आला, ती तशीच उभी. ट्रक गेला, आवाज पार विरला, तेव्हा तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं. मग एकामागून एक सगळा कळप. पिल्लं सर्वांत शेवटी धावली. मी तोपर्यंत जंगलातून शेकडो किलोमीटर रस्ते मोजले होते, पण रस्त्याकडे पलीकडून कधी पाहिलं नव्हतं.

"रोज अठूनच?" मी विचारलं.

"पानी तठी आहे ना. माहा बाप सांगे, रस्ता बैलगाडीचा होता तवापासून अठूनच जाते. वाट पहिलेची आहे, साहेब. रस्ता मागून आला."

मी वही काढून जागा टिपून घेतली. किलोमीटर सतरा, पुढे दोनशे मीटर, वन्यप्राणी ओलांडण्याचं ठिकाण. त्यांनी वही मागितली, चष्मा लावला, सुतळी कानामागे फिरवली आणि ती दीड ओळ बोट ठेवून वाचली. "बराबर लिहिले," म्हणाले. माझ्या अक्षरातली ती दीड ओळ त्यांना फार मोठी गोष्ट वाटली असावी. कारण त्यानंतर टोल्यात ते सांगत फिरू लागले की आपल्या वाटेची जागा साहेबांनी लिहून घेतली आहे.

एका वर्षी त्यांनी तिथे स्वतःच्या मनाने गतिरोधक घातला. पावसाळ्यानंतर दुरुस्तीसाठी आलेला मुरूम आडवा पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून असा पक्का केला की त्यावरून गेलेली पहिली मोठी गाडी नेमकी मोठ्या साहेबांची निघाली. साहेबांचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्या दिवशी बकारामजींना मेमो. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि साहेबांसमोर उभे राहिले.

"तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" साहेब ओरडले.

"नाई जी."

"मग कोणाला विचारून घातला?"

"गाडी हरू झाली का नाई ते सांगा," बकारामजी म्हणाले.

मी बाहेर येऊन पोट धरून हसलो. नंतर मध्यस्थी करून तो मेमो मिटवला. मुरूम मात्र त्यांनाच काढायला लावला. काढून झाल्यावर कठड्यावर बसून ते बराच वेळ कुदळीचा दांडा पुसत होते.

अशीच दहा वर्षं गेली. मी मधल्या काळात दोन ठिकाणी फिरून, बढती घेऊन पुन्हा देवरीला आलो होतो. बायको-मुलगी नागपूरला आणि मी खोलीवर स्टोव्ह पेटवत होतो. तेव्हा त्या रस्त्याचा चौपदरी रस्ता करायचं ठरलं. जंगल खात्याने अट घातली की जनावरांना सुखरूप ओलांडता येईल अशी सोय केली तरच झाडं तोडायला परवानगी. त्यातून पूल आला. रस्ता खालून जाणार आणि वर रुंद पूल, त्यावर माती, मातीत गवत आणि झाडं, म्हणजे जंगल पुलावरून पलीकडच्या जंगलाला जोडलं जाणार. कागदोपत्री त्याचं नाव हरित पूल, टोल्यात त्याला जनावरांचा पूल म्हणत. मी बकारामजींना तो कागदावर काढून दाखवला. मोरीच्या कठड्यावर बसून त्यांनी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं.

"म्हंजे गाडी खालून, अन् जनावर वरून?"

"हो."

"अन् त्याईले गाडी दिसन बी नाई?"

"दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी झाडी असेल."

"बापा!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती त्यांची. म्हणाले, "मले आता उचलाचं काम नाई राहिलं मंग."

नकाशा आला तेव्हा पूल सतराला नव्हता. तो होता अठरा-सहाशेला, जिथे रस्ता टेकडी कापून जातो. मी मोठ्या साहेबांना दाखवलं की जनावरांची वाट तिथे नाही, जवळजवळ दीड किलोमीटर अलीकडे आहे. साहेब म्हणाले, "मला माहीत नाही असं वाटतं का तुला? कटिंगला दोन्ही बाजूंची उंची आयती मिळते. स्लॅब टाकला, माती टाकली, झालं. सतराला सखल आहे. तिथे दोन्हीकडून भराव घालावा लागेल, जंगलाची आणखी जमीन लागेल, पुन्हा परवानगीचं लटांबर. दोन वर्षं जातील. जनावराला काय, सवय लागली की कुठूनही जाईल." मग फाइल बंद करता करता म्हणाले, "जंगल खात्याला जागेचा पंचनामा हवाय, स्थानिक माणसांच्या सह्या असलेला. तुझा तो म्हातारा मैलकुली आहे ना, त्याची सही घे. त्याच्या शब्दाला ते लोक मानतात."

त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर माझा बदलीचा अर्ज पडलेला होता. मुलगी दहावीत गेली होती. साहेबांनी अर्जाचा विषय काढला नाही, धमकी दिली नाही, आमिषही दाखवलं नाही. पूल आणि अर्ज यांची गाठ मीच मनातल्या मनात मारली. या प्रकरणात कोणी एक पैसा खाल्ला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. पैसे खाल्ले असते तर निदान कशासाठी विकला गेलो हे तरी सांगता आलं असतं.

पंचनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला. देवरीच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सह्यांचं काम होतं. मे महिना, ऊन मी म्हणत होतं आणि मोठे साहेब गाडीत बसून घड्याळ बघत होते. आधीच्या दोन पंचांनी, त्यातला एक किराणावाला होता, न बघता सह्या ठोकल्या आणि सावलीत जाऊन उभे राहिले. बकारामजी आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सुतळी कानामागे फिरवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

चौथ्या ओळीत आकडा होता. अठरा-सहाशे.

"बकारामजी," मी म्हणालो, "मीच लिहिलंय ते. वाचायची गरज नाही."

त्यांनी वर पाहिलं. "तुमी लिहिले?"

"हो."

"सतराचीच ना जागा?"

"हो, तीच," मी म्हणालो.

"मंग कायले वाचू," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सही केली. त्या सहीला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. शेवटची रेघ ओढताना ते हसत होते. अंधुक दिसत असल्याने ती रेघ थोडी तिरकी गेली.

पावसाळ्याआधी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बकारामजी बसस्टँडवर आले, धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधलेली चारोळी हातात दिली. "बाईसाहेबाले द्या. सत्यभामानं फोडली आहे," म्हणाले. मी ती घेतली. नागपूरला त्या चारोळीची बासुंदी झाली आणि मी ती खाल्लीही.

साधारण वर्षभराने मला अनोळखी नंबरवरून फोन आला. टोल्यातल्या कोणाचा तरी मोबाइल होता आणि पलीकडे बकारामजी ओरडून बोलत होते, कारण नागपूर लांब आहे.

"साहेब, गलत होऊन राहिलं अठी! पुलाचे खांब कटिंगवर उभे करून राहिले हे लोक. मी सांगतो तं कोनी आयकत नाई. तुमी लिहिलेला तो कागद त्याईले दाखवा ना!"

मी म्हणालो, "पाहतो."

"जल्दी पाहा साहेब. सिमेंट पडलं का मंग नाई हलत ते."

पुढे त्याच नंबरवरून बरेच फोन आले. मी उचलले नाहीत. एकदा बायकोने विचारलं की कोण आहे एवढं, तर मी कंपनीवाले आहेत म्हणून सांगितलं.

पूल झाला. दिसायला सुरेख झाला. आमच्या खात्याच्या दिनदर्शिकेवर त्याचा फोटो छापला गेला आणि एका कार्यक्रमात तोच फोटो फ्रेम करून मलाही भेट दिला, कारण मूळच्या कामात मी होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मी नमस्कार केला आणि फ्रेम घेऊन खाली बसलो.

जनावरं सतरालाच येत राहिली. आता दोनाच्या जागी चार पदर, मध्ये कठडा आणि गाड्यांचा वेग दुप्पट. चितळं मधल्या कठड्याशी येऊन अडकायची आणि तिथेच मारली जायची. मग एका सकाळी बेलटोल्याच्या शाळेच्या गुरुजींची मोटरसायकल तिथे रोहीवर, म्हणजे नीलगाईवर, आदळली. पाय मांडीपासून मोडला. गाव खवळलं. कोणीतरी माहितीच्या अधिकारात पुलाची कागदपत्रं मिळवली आणि ग्रामसभा बोलावली. खात्यातर्फे उत्तर द्यायला, भागाची माहिती असलेला माणूस म्हणून, मला नागपूरहून पाठवण्यात आलं.

शाळेच्या पटांगणात सभा होती. मला प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याचा ग्लास दिला होता. बकारामजी निवृत्त झाले होते, मागे कडुलिंबाखाली बसले होते. मला बघून त्यांनी हात जोडले. एकाने पंचनामा मोठ्याने वाचला आणि शेवटी पंचांची नावं वाचली. तिसरं नाव होतं, बकाराम सीताराम गोंडाणे.

सगळ्या माना कडुलिंबाकडे वळल्या.

"म्हंजे बुड्यानंच दाखवली ही जागा?" एक जण म्हणाला. "काऊन गा बकाराम, जनमभर सतरा सतरा करत होतास अन् सही अठराले?"

"काय भेटलं तुले?" दुसरा ओरडला.

बकारामजी उठले आणि पुढे आले. "कागद पाहू," म्हणाले. कागदाची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. चष्मा निघाला. आता काड्या धड होत्या, नवा चष्मा होता. ते माझ्या खुर्चीपासून चार हातांवर उभे होते आणि त्यांनी अगदी पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलत होते. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. मग पुढे सरकलं. एकेक ओळ, शेवटपर्यंत, तारखेपर्यंत, त्या तिरक्या रेघेपर्यंत. मला फक्त एवढंच करायचं होतं. उठायचं आणि म्हणायचं, की हे मी लिहिलं, यांना मी खोटं सांगितलं. दोन वाक्यं होती. मी ग्लास उचलून पाणी प्यालो.

"सही माही आहे," बकारामजी म्हणाले.

"कोनी कराले लावली?"

"मी वाचलो नाई. न वाचता सही केलो, माही चूक आहे." कागद परत देऊन ते कडुलिंबाखाली जाऊन बसले. कोणीतरी शिवी घातली. सत्यभामाबाई बायकांच्या गर्दीतून उठून तरातरा घरी निघून गेल्या.

मी उभा राहून सांगितलं की खातं सतराला सूचनाफलक लावेल. परतताना गाडीवर आमचा गोंदियाचा ड्रायव्हर होता. पंचनाम्याच्या दिवशीही गाडीवर तोच होता. देवरी मागे पडल्यावर म्हणाला, "साब, बुड्ढे ने आपका नाम नहीं लिया." मी काचेतून बाहेर बघत बसलो. मला माझीच किळस येत होती आणि तरीही, नाव घेतलं नाही म्हणून आत कुठेतरी हायसं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, रायपूरला एका लग्नाला निघालो होतो. गाडी मीच चालवत होतो, एकटाच होतो. दिवस कलला होता. अठरा-सहाशेला पुलाखालून जायच्या आधी वर एक माणूस दिसला, डोक्यावर टोपली. चाल ओळखीची होती. मी पुलाखालून पुढे गेलो, अर्धा किलोमीटर गेलो, मग गाडी वळवून परत आणली.

कटिंगच्या बाजूने चढून गेलो. वर गवत वाळून पिवळं झालं होतं, लावलेल्या करंजाच्या रोपांपैकी निम्मी मेली होती. मधोमध एक खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी भरलेलं. शेजारी सायकल, तिला दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. बकारामजी वाकून टोपलीतून मुठीमुठीने काहीतरी जमिनीवर टाकत होते, मोजकी पावलं सोडून.

"बकारामजी."

"तठी पाय नका देऊ," ते वर न बघता म्हणाले. मग वर पाहिलं. "साहेब का? या. या बाजूनं या."

टोपलीत चितळाच्या लेंड्या होत्या.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"सतरावरून आनतो. त्याईचा वास लागला पाहिजे ना या वाटेले. पानी बोडीवरून आनतो, सायकलनं. दोन उन्हाळे झाले." कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले. फार वाळले होते. "पूल तं आता सरकत नाई. मनून जनावर सरकवून राहिलो."

"येतं का काही?"

"ससे येते. मुंगूस येते. मागच्या महिन्यात एक भेकर आलं होतं, पान्यापर्यंत आलं अन् परतलं. येईन. त्याईले टाइम लागते."

मी तिथे उभा होतो. खालून ट्रक गेले की पायांखाली थरथर जाणवत होती. म्हणालो, "बकारामजी, तो कागद मी..."

"मले माईत आहे."

"केव्हापासून?"

"सभेत वाचलो तवापासून. अक्षर तुमचं होतं. माह्या वळखीचं."

"मग तिथे बोलले का नाही? सगळा गाव तुम्हाला..."

त्यांनी टोपली खाली ठेवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं तुमी उठान," ते म्हणाले. "मनून मी हरूहरू वाचलो. पहिल्या ओळीपासून. म्हटलं, साहेबाले टाइम भेटला पाहिजे."

माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी कसली मागायची आणि ती देऊन त्यांच्या पदरात काय पडणार होतं? मी वाकून एक कॅन उचलला. म्हणालो, "द्या, एक खेप मी आणतो. गाडी आहे खाली."

"नको," ते म्हणाले. "तुमी आता उतरा, साहेब. तुमच्या अंगाले साबनाचा वास आहे. सांज होऊन राहिली, त्याईची येन्याची वेळ आहे. मानसाचा वास राहिला तं येत नाई ते."

मी कॅन खाली ठेवला. आलो त्याच बाजूने, घसरत, हात टेकत उतरलो. रस्त्यावर येऊन गाडीचं दार उघडताना वर पाहिलं. बकारामजी पळसाची एक फांदी हातात घेऊन वाकले होते, आणि मी जिथे जिथे उभा राहिलो होतो तिथले माझ्या बुटांचे ठसे एकेक करून पुसून काढत होते.